दलोर यांनी न लढवलेली निवडणूक

महाराष्ट्रात बी.एड. केलेल्या कोणालाही शिक्षणाचे चार आधारस्तंभ विचारा, झोपेतून उठवलं तरी सांगता येतील. जाणण्यासाठी शिकणं, करण्यासाठी शिकणं, एकत्र राहण्यासाठी शिकणं, माणूस म्हणून घडण्यासाठी शिकणं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. उत्तरात ‘डेलर्स आयोग, १९९६’ एवढं लिहिलं की गुण मिळतात. युनेस्कोने नेमलेल्या त्या आयोगावर आपले डॉ. करण सिंगही होते. पण ज्यांच्या नावाने आयोग ओळखला जातो ते डेलर्स कोण, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही बरीच वर्षं कोणाला विचारलं नाही. कुणी शिक्षणतज्ज्ञ असावेत, अशी समजूत करून घेतली होती.

ते शिक्षणतज्ज्ञ नव्हते. जाक दलोर, फ्रेंच लोक हे नाव साधारण असं उच्चारतात, फ्रान्सचे अर्थमंत्री होते आणि १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षं युरोपीय आयोगाचे, म्हणजे युरोपीय समुदायाचा (आजच्या युरोपीय संघाचा) कारभार पाहणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष होते. आज स्पेनमधून निघालेला ट्रक जकातीच्या कागदांसाठी कुठल्याही नाक्यावर न थांबता पोलंडपर्यंत जातो, बोलोन्याची विद्यार्थिनी एक सत्र लिस्बनमध्ये शिकून येते, वीसएक देशांत एकच नाणं चालतं. या सगळ्याच्या मुळाशी जाऊ लागलं की हा माणूस भेटतोच. २७ डिसेंबर २०२३ रोजी वयाच्या ९८व्या वर्षी ते गेले, तेव्हा पॅरिसच्या अँव्हालिदच्या प्रांगणात त्यांना राष्ट्रीय मानवंदना देण्यात आली. त्यांच्याविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच या लेखात त्यांच्याशी भांडायचं आहे.

११ डिसेंबर १९९४च्या रविवारी संध्याकाळी दलोर यांनी फ्रेंच दूरचित्रवाणीवर, आन सँक्लेर यांच्या मुलाखतीत, आपण राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं. जनमत चाचण्यांत ते पुढे होते. त्यांचा समाजवादी पक्ष त्यांची विनवणी करत होता. त्यांनी नकार दिला, आणि नकाराची कारणं शांतपणे, एकेक करून सांगितली. फ्रान्समध्ये या प्रसंगाकडे सचोटीचा नमुना म्हणून पाहिलं जातं. सत्ता समोर चालून आली असताना तिच्याकडे पाठ फिरवणारा राजकारणी विरळाच. माझं मत वेगळं आहे. तो नकार प्रामाणिक होता आणि तरीही चुकीचा होता. ती चूक त्या एका संध्याकाळची नव्हती. आयुष्यभराच्या कामाच्या पद्धतीतच ती होती, आणि तिची किंमत युरोप अजून फेडतो आहे.

आधी ही पद्धत समजून घ्यायला हवी, कारण तिच्यातच त्यांचं मोठेपणही आहे.

दलोर १९२५ साली पॅरिसमध्ये जन्मले. वडील पहिल्या महायुद्धात गंभीर जखमी झालेले, बँक ऑफ फ्रान्समध्ये साध्या नोकरीत. मुलगाही त्याच बँकेत चिकटला. फ्रान्समधले बडे सनदी अधिकारी आणि मंत्री ज्या प्रशासकीय विद्यालयातून बाहेर पडत, तिथे दलोर कधी शिकले नाहीत. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी अभ्यास करून ते वर आले. ख्रिस्ती कामगार संघटनेत काम केलं आणि १९६२मध्ये नियोजन आयोगात गेले. मालक, कामगार आणि सरकार या तिघांना एका टेबलाशी बसवायचं, तोडगा निघेपर्यंत उठू द्यायचं नाही, हे कसब त्यांनी तिथे कमावलं. १९६९पासून ते पंतप्रधान शाबाँ-देल्मास यांचे सल्लागार होते. पंतप्रधान उजव्या बाजूचे, सल्लागार डाव्या विचाराचा. त्या काळात, १९७१च्या जुलैमध्ये, नोकरीत असलेल्या माणसाला पुन्हा शिकण्याचा हक्क देणारा कायदा झाला. मालकांनी वेतनखर्चाच्या ०.८ टक्के रक्कम कामगारांच्या प्रशिक्षणावर खर्च करायची, अशी त्यातली तरतूद होती. आयुष्यभर शिकण्याची जी गोष्ट आपण युनेस्कोच्या अहवालात वाचतो, तिचं बीज इथे आहे. बँकेतून सुटून रात्रीच्या वर्गाला जाणाऱ्या तरुणाला ती सुचणं स्वाभाविक होतं.

हा कायदा चांगला होता, लाखो कामगारांच्या उपयोगी पडला. पण तो घडवणाऱ्या माणसाने तेव्हा एकही निवडणूक लढवलेली नव्हती. पुढेही त्यांच्या खाती निवडणुका दोनच. १९७९मध्ये युरोपीय संसदेच्या पहिल्या थेट निवडणुकीत ते पक्षाच्या यादीतून निवडून गेले, आणि १९८३मध्ये पॅरिसला लागून असलेल्या क्लिशी या गावाचे महापौर झाले, तेही दोन वर्षांहून कमी काळापुरते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत युरोपातल्या सामान्य माणसाच्या रोजच्या व्यवहारावर इतका खोल परिणाम करणारा दुसरा राजकारणी दाखवणं कठीण आहे. त्या सामान्य माणसाच्या दारात मत मागायला मात्र हा राजकारणी जवळजवळ कधी गेला नाही.

१९८१मध्ये फ्रान्स्वा मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि दलोर अर्थमंत्री. बँका आणि मोठ्या उद्योगांचं राष्ट्रीयीकरण, किमान वेतनात वाढ, पगारी रजेचा पाचवा आठवडा, असा समाजवाद्यांचा कार्यक्रम होता. लोकांनी त्यालाच मत दिलं होतं. पण शेजारचे देश खर्च आवळत असताना फ्रान्स एकटाच वाढवत होता, आणि वाढलेल्या मागणीचा फायदा जर्मन कारखान्यांना मिळत होता. आयात फुगली, फ्रँक घसरू लागला. दलोर यांनी पहिल्या वर्षातच सुधारणांना जरा विराम द्या असं जाहीरपणे म्हटलं आणि स्वपक्षाचा राग ओढवून घेतला. १९८१च्या ऑक्टोबरमध्ये एक अवमूल्यन झालं, १९८२च्या जूनमध्ये दुसरं, आणि १९८३च्या मार्चमध्ये तिसऱ्याची वेळ आली.

त्या मार्चचे दहा दिवस फ्रान्सच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहेत. मितराँ यांच्याकडे रात्री गुपचूप भेटायला येणाऱ्या सल्लागारांचा एक गट होता. त्यांचं म्हणणं होतं, सदस्य देशांच्या चलनांचे आपसातले दर बांधून ठेवणाऱ्या युरोपीय चलनव्यवस्थेतून बाहेर पडा, फ्रँकचा दर बाजारावर सोडून तो तरंगू द्या, आयातीला बांध घाला आणि आपला कार्यक्रम पुढे रेटा. पंतप्रधान पिएर मोर्वा आणि दलोर यांचा याला विरोध होता. अखेर ट्रेझरीचे प्रमुख मिशेल काम्देस्यू यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने असलेले अर्थसंकल्पमंत्री लोराँ फाबियुस यांच्यापुढे परकीय गंगाजळीचे आकडे ठेवले. तिजोरी जवळपास रिकामी होती. फाबियुस यांचं मत फिरलं आणि त्यांच्यामागोमाग मितराँ यांचंही. ब्रुसेल्समध्ये दलोर यांनी जर्मनांशी जोरदार घासाघीस केली. मार्क साडेपाच टक्क्यांनी वर, फ्रँक अडीच टक्क्यांनी खाली, असं ठरलं. फ्रान्स व्यवस्थेत राहिला. मोबदल्यात करदात्यांकडून सक्तीचं कर्ज, खर्चात कपात, आणि परदेशी फिरायला जाणाऱ्याला वर्षाला २,००० फ्रँकपेक्षा जास्त रक्कम नेता येणार नाही, अशी बंधनं आली.

मला विचाराल तर निर्णय बरोबर होता. रिकाम्या तिजोरीनिशी फ्रँक सोडून दिला असता तर महागाईने पहिला घास कामगाराचाच घेतला असता. पण हा निर्णय लोकांपुढे कसा मांडला गेला ते पाहा. पक्षाचे सरचिटणीस लिओनेल जोस्पाँ म्हणाले, आम्ही एक कंस उघडला आहे. म्हणजे ही तात्पुरती तडजोड आहे, कंस संपला की मूळ वाक्य पुढे सुरू होईल. तो कंस कधी बंद झालाच नाही. आम्ही आता दुसरा मार्ग धरला आहे, त्याची कारणं ही, तुम्हाला मान्य आहे का, असं मतदाराला कोणी विचारलं नाही. १९८१च्या मताचा अर्थ १९८३मध्ये पॅरिस आणि ब्रुसेल्सच्या बंद खोल्यांत बदलला गेला. याची जबाबदारी एकट्या दलोर यांच्यावर टाकणं अन्यायाचं होईल. मात्र त्या खोल्यांतला सर्वांत जाणता माणूस तेच होते.

ब्रुसेल्सची वाट त्यांना याच निर्णयाने मोकळी करून दिली. जर्मनीचे चान्सलर कोल आणि ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर, दोघांनाही हा फ्रेंच समाजवादी हिशेबाचा माणूस वाटला. पद हाती घेण्याआधी दलोर दहाही सदस्य देशांच्या राजधान्या फिरले. संरक्षण, चलन, संस्थांची सुधारणा असे एकेक विषय त्यांनी समोर ठेवून पाहिले. प्रत्येक ठिकाणी कोणाची ना कोणाची हरकत निघाली. सगळ्यांना चालेल असा विषय एकच उरला: सीमा नसलेली एकच बाजारपेठ. १४ जानेवारी १९८५ रोजी त्यांनी युरोपीय संसदेत उद्दिष्टाचं वर्ष जाहीर केलं, १९९२. थॅचर यांनी पाठवलेले ब्रिटिश आयुक्त लॉर्ड कॉकफील्ड यांनी जून महिन्यापर्यंत सुमारे ३०० उपायांची तारीखवार यादी तयार केली. त्याच महिन्यात मिलानच्या परिषदेत इटलीचे पंतप्रधान क्राक्सी यांनी ब्रिटन, डेन्मार्क आणि ग्रीस यांचा विरोध असताना सरळ मतदान घेतलं आणि समुदायाच्या मूळ कराराच्या दुरुस्तीची वाट उघडली. १९८६मध्ये ‘एकल युरोपीय कायदा’ या नावाच्या करारावर सह्या झाल्या. बाजारपेठेशी संबंधित बहुतेक विषयांत एकट्या देशाचा नकाराधिकार गेला आणि बहुमताने निर्णय होऊ लागले.

इथे तपशील बारकाईने पाहायला हवा, कारण पुढचं सगळं भांडण त्यात दडलेलं आहे. माल, सेवा आणि भांडवल यांच्या वाटेतले अडथळे काढण्यासाठी बहुमत पुरेसं ठरलं. करांसाठी मात्र एकमत लागत राहिलं, कामगारांच्या हक्कांच्या नियमांसाठीही बहुतांशी एकमतच. म्हणजे पैशाला सीमा ओलांडायची असेल तर काही देशांच्या विरोधाने अडत नव्हतं, पण त्या पैशावर कर लावायचा असेल तर एकटं लक्झेंबर्गही अडवू शकत होतं. नेमकं तेच घडलं. १९८८च्या जूनमध्ये भांडवल मोकळं करण्याचा निर्देश मंजूर झाला आणि १ जुलै १९९०पासून तो बहुतेक देशांत लागू झाला. बचतीवरच्या व्याजावर सगळीकडे सारखा कर कापण्याचा प्रस्ताव १९८९मध्ये आला आणि बारगळला. घोडा आधी सोडला आणि लगाम नंतर आणू म्हटलं.

दलोर यांना हे दिसत नव्हतं असं मुळीच नाही. एकल बाजारपेठेच्या प्रेमात कोणी पडत नाही, हे त्यांचंच प्रसिद्ध वाक्य आहे. स्पर्धा चेतना देते, सहकार्य बळ देतं आणि एकजूट जोडून ठेवते, अशी त्रिसूत्री ते सांगत. पद घेतल्यावर महिन्याच्या आत त्यांनी ब्रुसेल्सजवळच्या व्हाल दुशेसच्या वाड्यात मालक आणि कामगार संघटनांना समोरासमोर बसवलं. १९८७मध्ये एरास्मस योजना सुरू झाली आणि पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले. १९८८च्या फेब्रुवारीत मागास प्रदेशांसाठीचा निधी १९९३पर्यंत दुप्पट करायचं ठरलं. स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, आयर्लंड यांचे रस्ते, पूल आणि सांडपाण्याच्या वाहिन्या त्या पैशातून झाल्या. कोळसा आणि पोलादाचे धंदे बसलेल्या जुन्या औद्योगिक पट्ट्यांसाठीही त्यात वाटा होता. १९८८च्या सप्टेंबरमध्ये बोर्नमथला ब्रिटिश कामगार संघटनांच्या परिषदेपुढे त्यांनी सामाजिक युरोपचं भाषण केलं. थॅचरकाळात मार खाऊन बसलेले ते प्रतिनिधी उभे राहून टाळ्या वाजवत होते. बारा दिवसांनी थॅचर यांनी ब्रूझमध्ये उत्तर दिलं: ब्रिटनमध्ये आम्ही राज्यसंस्थेला मागे रेटलं, ते काही ब्रुसेल्समधून तिने परत येऊन बसावं म्हणून नाही.

या भाषणापायी ब्रिटनमधल्या अर्ध्या लोकांनी दलोर यांना खलनायक ठरवलं. १९९०च्या १ नोव्हेंबरला तिथल्या सर्वाधिक खपाच्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर त्यांना शिवी हासडली. पण त्या टाळ्यांच्या बदल्यात बोर्नमथच्या कामगारांच्या हाती काय पडलं? १९८९ची सामाजिक हक्कांची सनद ब्रिटनवगळता ११ देशांनी स्वीकारली आणि ती कायद्याने कोणावर बंधनकारक नव्हती. युरोपीय संघ आणि एकच चलन ठरवणाऱ्या १९९२च्या मास्ट्रिख्ट करारात कामगार हक्कांचा सामाजिक भाग आला तोही ब्रिटनला बाहेर ठेवून, पुरवणीच्या रूपात. बाजारपेठेचे नियम मात्र सगळ्यांना आणि ताबडतोब लागू.

दलोर यांचे समर्थक म्हणतात, आयोगाच्या अध्यक्षाच्या हातात एवढंच होतं. सरकारं जे देतील त्यावर भागवायचं. मला हा युक्तिवाद पूर्ण पटतो. आणि पटतो म्हणूनच पुढचा प्रश्न टाळता येत नाही. आयोगाच्या अध्यक्षाला जे जमत नाही ते जर फक्त मोठ्या देशाच्या निवडून आलेल्या प्रमुखाला जमणार असेल, तर त्या पदाची दारं उघडी असताना ते बाहेर का थांबले?

त्याआधी मास्ट्रिख्टविषयी. एकाच चलनाचा आराखडा १९८९च्या एप्रिलमध्ये ज्या समितीने दिला तिचे अध्यक्ष दलोर होते आणि सदस्य मुख्यतः मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर. तीन टप्पे, स्वतंत्र बँक, भावस्थैर्य हे पहिलं कर्तव्य. आर्थिक धोरणांमध्ये समन्वय हवा हेही अहवालात होतं, पण करारात उतरताना चलनाची बाजू पोलादासारखी घट्ट झाली आणि आर्थिक बाजू सदिच्छांवर राहिली. १९९२मध्ये प्रथमच हे सगळं लोकांपुढे मताला गेलं. २ जूनला डेन्मार्क ‘नाही’ म्हणाला. २० सप्टेंबरला फ्रान्सने ‘हो’ म्हटलं, ५१.०४ टक्क्यांनी. कारखान्यांची जुनी गावं आणि ग्रामीण भाग विरोधात, मोठी शहरं बाजूने. तीस वर्षं युरोपात जी फूट आपण पाहतो आहोत तिचा नकाशा त्या रात्रीच तयार होता.

त्या प्रचारात, ऑगस्टच्या अखेरीला, ब्रिटनी प्रांतातल्या कँपेर गावच्या सभेत दलोर यांनी कराराच्या विरोधी नेत्यांना सुनावलं: एक तर तुमची वृत्ती बदला, नाहीतर राजकारण सोडा. त्यांच्याविषयी वाचताना मला सर्वाधिक खटकलेला प्रसंग हाच. मालक-कामगारांना रात्र रात्र समजावणारा, दहा राजधान्या फिरून प्रत्येकाची हरकत ऐकून घेणारा माणूस, विरोध जाहीर सभेत उभा राहिला की एवढा अधीर होतो? मला वाटतं, त्याचं कारण सवय. बंद खोलीत प्रत्येकाला विषय माहीत असतो, प्रत्येकाला तोडगा हवा असतो. मैदानात तसं नसतं. तिथे समोरच्याला भीती असते, राग असतो, अर्धवट माहिती असते, आणि तिथेही समजावत राहावं लागतं. ती सवय निवडणुका लढवूनच लागते.

आता १९९४. दलोर यांची कारणं अशी होती. राष्ट्रीय सभेत, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, उजव्यांचं प्रचंड बहुमत आहे. आपण निवडून आलो तरी आपल्याला हव्या त्या सुधारणांना पाठिंबा देणारं बहुमत मिळेल असं वाटत नाही. आपली मतं न पटणाऱ्या सरकारबरोबर दिवस काढावे लागले, तर ज्यांनी मत दिलं त्यांची फसवणूक होईल. उद्याची निराशा आजच्या खंतेपेक्षा वाईट. शिवाय वय ६९.

वयाचा मुद्दा सोडून देऊ. मितराँ १९८८मध्ये दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हा ७१ वर्षांचे होते. बहुमताचा मुद्दा मात्र गंभीर आहे. १९९३च्या निवडणुकीत ५७७पैकी साडेचारशेहून अधिक जागा उजव्या आघाडीला मिळाल्या होत्या. पण फ्रान्सच्या सध्याच्या, म्हणजे पाचव्या प्रजासत्ताकाच्या घटनेने राष्ट्राध्यक्षाला सभा विसर्जित करण्याचा अधिकार दिला आहे आणि मितराँ यांनी तो १९८१मध्येही वापरला होता, १९८८मध्येही. दोन्ही वेळा सभेतलं उजव्यांचं बहुमत गेलं. दलोर यांना हे माहीत नसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांची खरी अडचण दुसरी होती. त्यांना मध्यममार्गी आणि समाजवादी अशी मिळून आघाडी हवी होती आणि त्यांचाच पक्ष तिला तयार नव्हता. म्हणजे त्यांना निवडणुकीआधीच तडजोड पक्की झालेली हवी होती. राजधान्या फिरून, प्रत्येकाचा होकार घेऊन मगच विषय पत्रिकेवर आणायचा, ही ब्रुसेल्सची रीत त्यांनी फ्रान्सच्या मतदारांना लावली. लोकशाहीत अशी हमी कोणालाच मिळत नाही. बहुमत आधी मोजायचं नसतं, मागून मिळवायचं असतं.

पुढे काय झालं ते नोंदीत आहे. त्यांच्याऐवजी जोस्पाँ उभे राहिले. हाताशी जेमतेम तीन महिने असतानाही पहिल्या फेरीत ते सर्वांच्या पुढे होते आणि दुसऱ्या फेरीत त्यांना ४७ टक्क्यांहून अधिक मतं पडली. उजव्यांचे जाक शिराक जिंकले. त्यांनी १९९७मध्ये स्वतःच सभा विसर्जित केली आणि डाव्यांना बहुमत मिळालं. जोस्पाँ पंतप्रधान झाले आणि दलोर यांची कन्या मार्तिन ओब्री श्रममंत्री. जे बहुमत अशक्य वाटत होतं ते अडीच वर्षांत समोर होतं.

त्या काळातली युरोपची घडी लक्षात घेतली की हळहळ अधिकच वाटते. १९९४च्या १ सप्टेंबरला जर्मनीतल्या सत्ताधारी पक्षाच्या शॉयब्ले आणि लामर्स या दोन नेत्यांनी एक निवेदन काढलं. फ्रान्स आणि जर्मनीने आणखी काही देशांना बरोबर घेऊन राजकीयदृष्ट्या घट्ट असा गाभा उभारावा, असा त्याचा आशय होता. पॅरिसमधून त्याला धड उत्तरच गेलं नाही. कोल १९९८पर्यंत सत्तेत होते. बर्लिनची भिंत पडल्यावर फ्रान्समधले अनेक नेते जर्मन एकीकरणाकडे साशंकतेने बघत होते, तेव्हा दलोर यांनी पूर्व जर्मनीला युरोपीय समुदायात जागा आहे असं जाहीरपणे सांगितलं होतं. कोल ते विसरले नव्हते. जर्मनीला चलनाबरोबर राजकीय संघही हवा होता आणि फ्रान्सला आर्थिक धोरणावर लोकनियुक्तांचा वचक. या दोन मागण्यांची सांगड घालू शकेल आणि दोन्ही बाजूंचा विश्वास असेल असा माणूस तेव्हा एकच होता. त्याच्या गैरहजेरीत १९९७मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला स्थैर्य करार झाला. सरकारी तुटीला राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांची मर्यादा, तिच्याभोवती दंडाची तरतूद. दलोर यांनी बाहेरून टीका केली, आर्थिक धोरणांच्या समन्वयाचा वेगळा करार सुचवला. त्यांनी १९९६मध्ये स्थापन केलेल्या अभ्यासगटाची टिपणं उत्तम असत. पण टिपणांना मतं नसतात.

याआधीही एकदा हेच झालं होतं. १९९३च्या डिसेंबरमध्ये त्यांनी वाढ आणि रोजगारावरची श्वेतपत्रिका मांडली. युरोपभर रेल्वे आणि दूरसंचाराचं जाळं, त्यासाठी संघाच्या नावाने काढलेली कर्जं, शतक संपेपर्यंत दीड कोटी नोकऱ्या. शासनप्रमुखांनी कौतुक केलं आणि अर्थमंत्र्यांनी कर्जाची कल्पना गाडून टाकली. त्यांची समजूत घालण्यात दलोर यांनी वर्ष घालवलं. एखादा राष्ट्राध्यक्ष हीच मागणी लोकांच्या मताच्या पाठबळाने घेऊन आला असता, तर अर्थमंत्र्यांना ती इतकी सहज गाडता आली नसती. २००९नंतर ग्रीस, आयर्लंड आणि पोर्तुगाल यांची जी वाताहत झाली, तीत चलन एक आणि कर्ज मात्र ज्याचं त्याचं, हे मूळ दुखणं होतं. अथेन्समधल्या पेन्शनरने ती किंमत मोजली. समाईक कर्ज शेवटी निघालं ते २०२०च्या जुलैमध्ये, महासाथीच्या रेट्याने, ७५० अब्ज युरोचं. त्याच्या चार महिने आधी ९४ वर्षांच्या दलोर यांनी इशारा दिला होता की एकजुटीचा अभाव हा युरोपीय संघाच्या जिवावरचा धोका आहे. ते बरोबर होते. १९९३मध्येही बरोबरच होते.

कोणी म्हणेल, मागे वळून शहाणपण सांगणं सोपं असतं. ते उभे राहिले असते आणि हरले असते तर? हरले असते, असं समजू. तरीही फ्रान्सच्या गावागावांत चार महिने एका प्रश्नावर बोलणं झालं असतं: एकच बाजारपेठ आणि एकच चलन घेतलं आहे, आता त्याला शोभेल असं सामाजिक संरक्षण आणि त्यावर तुमचं नियंत्रण हवं की नको? हा प्रश्न त्या पिढीत फ्रेंच मतदाराला कोणी इतक्या सरळपणे विचारलाच नाही. १९९२मध्ये विचारलं ते, झालेला करार मान्य आहे का, एवढंच. युरोप म्हणजे वरून येणारी गोष्ट, ही समजूत अशीच घट्ट होत गेली. आणि ज्याला विचारलंच जात नाही तो संधी मिळेल तेव्हा फक्त ‘नाही’ म्हणायला शिकतो.

युनेस्कोचा आयोग दलोर याच काळात चालवत होते. अहवालात त्यांनी एकत्र राहण्यासाठी शिकण्यावर विशेष भर दिला. ते शिकणं सावकाश होतं, समोरासमोर होतं, आणि दुसऱ्याचा राग ऐकून घ्यायची तयारी त्यात लागते, हे शाळेत उभं राहणारा कोणताही शिक्षक सांगेल. दलोर यांनी ते मालक आणि कामगार यांच्यात करून दाखवलं होतं, देशादेशांच्या मंत्र्यांमध्ये करून दाखवलं होतं. मतदार आणि युरोप यांच्यात तेच करायची वेळ आली तेव्हा त्यांनी दुसऱ्यांसाठी जागा सोडली.

१९९४च्या नोव्हेंबरमध्ये समाजवादी पक्षाचं अधिवेशन लिएव्हँ या गावात भरलं होतं. उत्तर फ्रान्समधल्या पा-द-काले जिल्ह्यातलं हे खाणकामगारांचं गाव. १९७४मध्ये तिथल्या खाणीतल्या स्फोटात ४२ कामगार गेले, आणि पुढे खाणीही बंद पडल्या. त्या अधिवेशनात प्रतिनिधींनी दलोर यांना उभं राहण्याचा आग्रह केला. तीन आठवड्यांनी त्यांनी दूरचित्रवाणीवरून नकार कळवला. २९ मे २००५ रोजी युरोपीय राज्यघटनेवर फ्रान्समध्ये सार्वमत झालं आणि ती फेटाळली गेली. पा-द-काले जिल्ह्यात दर तीन मतांमागे दोनाहून अधिक मतं विरोधात होती. लिएव्हँपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत एनँ-बोमाँ हे गाव लागतं. तिथली नगरपालिका २०१४पासून कट्टर उजव्यांच्या ताब्यात आहे, आणि त्यांच्या नेत्या मारीन ल पेन २०१७मध्ये राष्ट्रीय सभेवर पहिल्यांदा निवडून गेल्या त्या तिथल्याच मतदारसंघातून, दारोदार मत मागून.